पदवीची गरज सातव्या वर्षी पडते

मोठ्या हॉटेलात कामाच्या पहिल्या दिवशी तीन वर्षांची पदवी घेऊन आलेल्या मुलीला आणि आयटीआयचा एका वर्षाचा कोर्स करून आलेल्या मुलाला बहुतेक वेळा एकच काम मिळतं. दोघं मागच्या दाराने आत येतात, टाइम ऑफिसात हजेरी लावतात, युनिफॉर्म रूमच्या खिडकीतून धुतलेला गणवेश घेतात. किचनला लागले असतील तर दोघांपुढे कांद्याची तीच गोण येते. हाऊसकीपिंगला लागले असतील तर तीच ट्रॉली, आणि एका पाळीत 12 ते 16 खोल्या. मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून निवडली गेलेली मोजकी मुलं सोडली, तर पहिली एक-दोन वर्षं या दोघांच्या कामात फरक शोधूनही सापडत नाही. पगारातही फारसा नाही.

हे सांगितलं की पालक गप्प होतात. मग कोणीतरी विचारतंच, एवढे पैसे घालून पदवी करायची तरी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि हॉटेलात अर्धं आयुष्य घालवल्यावर मला त्याचं एकच उत्तर ठाऊक आहे. पदवी लागते ती सहाव्या-सातव्या वर्षी, जेव्हा हातातली ट्रॉली सुटते आणि पुढ्यात आकडे येतात. म्हणून कुठली पदवी घ्यायची हे ठरवताना पहिली नोकरी कुठे मिळेल याच्या मागे लागू नये. सातव्या वर्षी आपल्याला कुठलं काम करायचं आहे, याचा आधी विचार करावा.

माझ्या हाताखाली सावंतवाडीकडचा एक रूम अटेंडंट होता. त्याच्यासारखी खोली लावणारा माणूस मी पाहिला नाही. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली गेला की तो पाहुणा उठेपर्यंत हलत नसे. खोलीत शिरल्याशिरल्या नाकाने सांगायचा की एसीच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय. पाहुणा डाव्या कुशीवर झोपतो हे उशीवरून ओळखून पाण्याची बाटली त्या बाजूला ठेवायचा. पाच-सहा वर्षांत तो सुपरवायझर झाला आणि तिथे अडकला. असिस्टंट हाऊसकीपरची जागा निघाली ती त्याच्याहून लहान, पदवी घेतलेल्या मुलीला मिळाली. तो माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. म्हणाला, 'मॅडम, तिला येतं आणि मला येत नाही असं नक्की काय आहे, तेवढं सांगा.'

मी त्याला लिननचं गणित घातलं. शंभर खोल्यांच्या हॉटेलात चादरींचे किती संच लागतात? शंभर संच घेतले तर हॉटेल दुसऱ्याच दिवशी अडकतं. एक संच गादीवर असतो, एक लाँड्रीत, एक मजल्यावरच्या पँट्रीत आणि एक लिनन रूमच्या फळीवर विसावलेला. धुऊन-इस्त्री होऊन आलेलं कापड लगेच पुन्हा वापरायला काढलं तर लवकर विरतं, म्हणून हा चौथा. धंद्यात याला 'चार पार' म्हणतात. लाँड्री बाहेरची असेल आणि पावसात तिची गाडी उशिरा येत असेल, तर पाच. मग त्यातले वर्षाला किती फाटणार, किती डागाळणार, किती हरवणार? निव्वळ सुती घ्यायच्या की पॉलिस्टर मिसळलेल्या? मिसळलेल्या घेतल्या तर लाँड्रीचं बिल किती उतरेल, आणि पाहुण्याच्या अंगाला ते कापड कसं लागेल? हे सगळं मांडून पुढच्या वर्षाचा खर्च जनरल मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचा आणि तो अडवायला लागला की आपला आकडा धरून बसायचं. असिस्टंट हाऊसकीपरचं काम हे असतं.

त्याने ते भराभर उचललं, कारण प्रत्येक आकड्यामागची चादर त्याने हाताळलेली होती. पुढे मुक्त विद्यापीठातून पदवीही घेतली. आज तो गोव्यातल्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगचा प्रमुख आहे. पण पदवीवाल्या मुलीला जिथे पोचायला सात वर्षं लागली, तिथे पोचायला त्याला जवळजवळ दुप्पट लागली, आणि मधली वर्षं त्याने सुपरवायझरच्या पगारात घर चालवलं. हे मला अजून लागतं. आणि म्हणूनच, 'हॉटेलात काय, काम आलं म्हणजे झालं, पदवीबिदवी लागत नाही,' असं कोणी तरुण मुलांना सांगायला लागलं की मी मध्ये बोलते.

यंदा हा प्रश्न घरातच आला. माझ्या कुडाळच्या भावाची मुलगी बारावी कॉमर्सला होती. परीक्षेआधीच तिने जाहीर केलं की तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचं आहे. भावाचा फोन आला, 'ताई, तू जरा समजव तिला.' समजव म्हणजे काय, ते त्याच्या आवाजातच होतं. मग फोन भावजयीने घेतला. 'वन्सं, तुमची गोष्ट निराळी. पण मुलीची जात, रात्रीच्या ड्युट्या, परक्यांच्या खोल्या झाडायच्या. उद्या स्थळं आली तर काय सांगायचं आम्ही?'

तिचा प्रश्न मी उडवून लावला नाही. आमच्याकडे पाहुण्याला गरम घावणे वाढल्याशिवाय घरची बाई पानावर बसत नाही. तेच काम पगार घेऊन केलं की मात्र त्यात कमीपणा वाटतो. हे एका भावजयीचं नाही, आपल्या सगळ्यांचंच आहे. मुलगा शेफ झाला तर आता चालतं, टीव्हीने ते सोपं केलं. मुलगी हाऊसकीपिंगला गेली म्हटलं की अजून आवाज खाली येतो.

खरं तर हे शिक्षण आपल्याकडे आलंच बायकांच्या हातून. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं अन्नटंचाईची होती, धान्य रेशनवर होतं. तांदूळ-गव्हावाचूनचे पदार्थ लोकांच्या अंगवळणी पडावेत म्हणून अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहं चालवली. लीलावती मुन्शी या परिषदेच्या पुढारी होत्या. त्यांच्याच पुढाकाराने 1954 साली मुंबईत केटरिंग शिकवणारी संस्था निघाली. वीर सावरकर मार्गावरचं 'दादर केटरिंग' म्हणून आपण जिला ओळखतो, ती हीच. तिच्या लांबलचक नावात हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंगच्या जोडीला उपयोजित पोषणशास्त्र आहे, ते त्या टंचाईच्या दिवसांमुळे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 1922 मध्ये हॉटेलचं शिक्षण सुरू केलं ते गृहविज्ञान विभागातच. त्याच्याही आधी, 1893 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझानला झाक च्युमी या हॉटेलवाल्याने पहिली हॉटेल शाळा काढली, कारण आल्प्स बघायला येणाऱ्यांची संख्या वाढली होती आणि शिकलेली माणसं मिळत नव्हती. भावजयीला मी लोझान सांगितलं नाही. लीलावतीबाईंची हकीकत मात्र सविस्तर सांगितली. तिने ऐकून घेतली, आणि म्हणाली, 'बरं, पण ड्युटी रात्रीचीच ना?'

रात्रीची असते. फ्रंट ऑफिसला तर हमखास. इथे गोड बोलून उपयोग नाही. महाराष्ट्रात 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाने करायची असते. चांगल्या हॉटेलात गाडी सोडायला येते. लहान हॉटेलात ती येते का, हे नोकरी घेण्याआधी विचारावं लागतं. मुलीने स्वतः विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. एवढं मी भावजयीसमोरच भाचीला सांगितलं.

आता वाटा. एक वाट केंद्राची. पर्यटन मंत्रालयाखाली 1982 मध्ये राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषद स्थापन झाली. देशभरातल्या आयएचएम, म्हणजे हॉटेल व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था तिच्या छत्राखाली येतात. दादर त्यात आहे, गोव्यात पर्वरीला आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था एक सामाईक प्रवेश परीक्षा घेते. तिच्यात आकडेमोड, तर्क, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी असतं, शिवाय सेवाक्षेत्राचा कल तपासणारा एक भाग. पदवी तीन वर्षांची, बीएस्सी, दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची. आमच्या वेळी ही पदविका होती. पुढे ज्यांना परदेशात शिकायचं होतं त्यांना त्या 'पदविका' शब्दाने फार छळलं, त्यामुळे ती पदवी झाली हे किती बरं झालं ते आमच्या पिढीलाच कळेल.

दुसरी वाट राज्याची, बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंग तंत्रज्ञानाची पदवी. चार वर्षं, प्रवेश राज्याच्या सीईटीतून. पुण्यात शिवाजीनगरला सरकारी संस्था आहे, खाजगी कॉलेजं राज्यभर आहेत. चार वर्षांचा एक फायदा उघड आहे. परदेशातली काही विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशाला चार वर्षांचं शिक्षण मागतात. तोटाही उघड आहे, एक वर्ष जास्त आणि त्या वर्षाची फी. याशिवाय विद्यापीठांचे हॉस्पिटॅलिटी स्टडीजचे तीन वर्षांचे बीएस्सी आहेत. छत्रपती संभाजीनगरची संस्था आहे, जिचं नातं ताज समूहाशी आणि इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाशी राहिलं आहे. कर्नाटकात मणिपालला आयटीसीच्या वेलकमग्रुपचं कॉलेज आहे, शेफ विकास खन्ना तिथलेच. खाजगी ठिकाणची फी सरकारी फीच्या कितीतरी पट होऊ शकते. तिथे जाऊ नये असं मी म्हणणार नाही, पण कर्ज काढून जाणाऱ्याने सुरुवातीचा पगार काय असतो हे आधी दोन-तीन माजी विद्यार्थ्यांकडून काढावं आणि हप्ता त्यात बसतो का ते बघावं.

तिसऱ्या वाटेकडे आपल्या लोकांचं लक्ष कमी जातं. बारावीनंतर हॉटेलनेच मुलाला उचलायचं, विद्यावेतन द्यायचं, काम शिकवायचं आणि जोडीने पदवी पूर्ण करू द्यायची. ओबेरॉय समूहाचा 'स्टेप' हा असा कार्यक्रम. ज्या घराला तीन वर्षांची फी झेपत नाही त्या घरासाठी ही वाट सोन्यासारखी आहे. पण शरीर दणकट हवं, कारण दिवसभर पायांवर उभं राहून संध्याकाळी पुस्तक उघडायचं असतं. शिकण्याची ही तऱ्हा आपल्याकडे नवी नाही. मुंबईतली कितीतरी उडुपी हॉटेलं ज्यांनी उभी केली, ती मुलं कानडा मुलखातून आली होती. दिवसा कपबश्या धुवायच्या, रात्री नाइट स्कूलला जायचं. मोगवीर समाजाची रात्रशाळा 1908 पासूनची. कामाच्या जोडीने शाळा शिकलेल्या त्या पोरांमधून पुढे मालक तयार झाले.

आणि ज्याला नक्की ठाऊक आहे की आपल्याला फक्त स्वयंपाकच करायचा आहे, त्याच्यासाठी फूड प्रॉडक्शनचा क्राफ्ट कोर्स आहे. त्याला कमी लेखू नये. किचनमध्ये हात बोलतो. कॉमी म्हणजे शिकाऊ हात, तिथून शेफ द पार्टी म्हणजे एका विभागाचा शेफ, तिथून सू शेफ म्हणजे मुख्य शेफच्या खालचा, हा जिना हाताच्या जोरावर बराचसा चढता येतो. वरच्या एक-दोन पायऱ्यांना मात्र फूड कॉस्ट, मेन्यूचं गणित, माणसांचे रोस्टर लागतात, आणि तिथे पुन्हा तोच सातव्या वर्षाचा प्रश्न येतो.

यातली कुठलीही वाट धरली तरी एका गोष्टीवर माझा फार भर आहे, ती म्हणजे इंडस्ट्रियल ट्रेनिंग. मुलं तिला 'आयटी' म्हणतात. शिक्षणातलं एक अख्खं सत्र हॉटेलात काढायचं असतं. कॉलेजचं नाव, इमारत, माहितीपत्रकावरचे हसरे चेहरे यांपेक्षा त्या महिन्यांत मुलगा कुठे होता आणि त्याला काय करायला मिळालं, यावर त्याचं पुढचं बरंच ठरतं. चांगल्या हॉटेलात फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग, सर्व्हिस आणि किचन या चारही खात्यांत फिरवतात, रोजच्या कामाची नोंदवही, म्हणजे लॉगबुक, तपासतात. काही ठिकाणी ट्रेनी म्हणजे फुकटचे हात. मुलगा सगळा काळ बँक्वेटच्या मागे प्लेटा पुसत राहतो आणि शेवटी एक सर्टिफिकेट घेऊन येतो. माझ्याकडे नोकरीला आलेल्या मुलांच्या लॉगबुकात मी पहिल्यांदा हेच बघत असे. चार खात्यांची चार हस्ताक्षरं आहेत, की एकाच माणसाने एका दिवशी बसून सगळ्या सह्या केल्या आहेत?

म्हणून कॉलेज बघायला गेलात तर लॉबीतून मागे चला. ट्रेनिंग किचन बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, प्रवेश देणाऱ्या माणसाशी नंतर. विचारा, प्रॅक्टिकलला एका कोंबडीवर किती मुलं असतात? प्रत्येकाला भांडं मिळतं की सर करून दाखवतात आणि बाकीचे वहीत लिहितात? इंडेंट, म्हणजे कोठारातून मागवायच्या मालाची यादी, कोण बनवतं, मुलं की स्टोअरकीपर? कच्च्या मालाचं इंडेंट स्वतः लिहिलेल्या मुलाला चाळीस माणसांच्या जेवणाला किती खोबरं लागेल हे कळतं. फक्त रेसिपी लिहिलेल्याला कळत नाही. आयटीला गेल्या वर्षी कोण कुठे गेलं याची यादी मागा. द्यायला वेळ लावला तर तेही एक उत्तरच आहे.

अभ्यासक्रमाबद्दल माझी एक तक्रार आहे, ती इथे मांडतेच. पहिल्या वर्षी मुलं पाच फ्रेंच मदर सॉस पाठ करतात. बेशमेल, वेलूते, एस्पान्योल, टोमॅटो, हॉलंदेझ. ते शिकायलाच हवेत. एस्कोफिए या फ्रेंच शेफने किचनमधली कामं वाटून दिली नसती तर आजही सगळे एकाच भांड्याभोवती उभे राहिले असते. पण भाजलेल्या खोबऱ्याचं मालवणी वाटप, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ कधी घालायचं, सोलकढीत आगळ किती, हेही तितकंच शास्त्र आहे, आणि त्याच्या वाट्याला 'प्रादेशिक पाककृती' म्हणून एखाद-दुसरं प्रॅक्टिकल येतं. शेफ फ्लॉइड कार्डोझ मुंबईत वाढले, जीवरसायनशास्त्र सोडून हॉटेलच्या शिक्षणाकडे वळले, स्वित्झर्लंडला लेझ रोश या हॉटेल शाळेत शिकले. पण न्यूयॉर्कमध्ये त्यांचं नाव झालं ते तिथल्या तंत्रात आपल्याकडचे मसाले बसवल्यामुळे. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनाने ते गेले तेव्हा दोन्हीकडची किचन हळहळली. कोकणातली मुलं घरून जे घेऊन येतात ते कॉलेजने त्यांच्याकडून लिहून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीला फार घाबरतात. भाचीही घाबरत होती. तिला मी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या ताजमध्ये कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना कसं सांभाळलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. काहींनी जीव गमावला. एका बँक्वेट हॉलची जबाबदारी 24 वर्षांच्या एका मुलीवर होती. तिने दारं बंद करून घेतली, दिवे मालवले आणि पाहुण्यांना रात्रभर शांत ठेवलं. ही माणसं अशी का वागली याचा अभ्यास रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी 2011 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडला. त्यातली एक बाब माझ्या मनात घर करून आहे. ताज तेव्हा पहिल्या पायरीवरची माणसं निवडायला महानगरांऐवजी त्यांच्याहून लहान शहरांत जात असे. मुंबईऐवजी पुण्याला, दिल्लीऐवजी डेहराडून-चंडीगडला, चेन्नईऐवजी कोइमतूरला. मोठ्यांचा मान, नम्रता, प्रामाणिकपणा हे तिथे घरातून आलेलं असतं, बाकीचं शिकवता येतं, असा त्यांचा हिशेब. आणि ते शिकवायला ताज 18 महिने देत असे, इतर हॉटेलं साधारण 12 देत. इंग्रजी त्या 'बाकीच्या'त येते. ती येते. मी वर्षानुवर्षं बघितलं आहे, सहा महिने पाहुण्यांसमोर उभी राहिली की मुलगी बोलायला लागते. दुसऱ्याची अडचण त्याने सांगायच्या आधी कळणं, हे मात्र आम्हाला कुणाला शिकवता आलं नाही. काहींच्यात ते असतं.

बोटीवर जायचं असं म्हणणारी मुलं आमच्या भागात पुष्कळ. गोव्याच्या तारवट्यांची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची परंपरा मोठी, मुंबईत धोबीतलावला त्यांची कुडं, म्हणजे गावागावाच्या उतरण्याच्या जागा, अजून आहेत, आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याची पोरंही आता क्रूझवर असतात. पैसा चांगला मिळतो, घर बांधून होतं. पण सहा-सात-नऊ महिन्यांचे करार असतात, आणि एकाच खात्यात एकच काम पुन्हा पुन्हा. जायचंच तर पदवी आणि जमिनीवरच्या चांगल्या हॉटेलचा अनुभव गाठीशी घेऊन जावं, म्हणजे परतल्यावर कुठेतरी लागता येतं. याहून जास्त मला त्या वाटेबद्दल सांगायचं नाही.

भाचीला मी एकच अट घातली. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भर, पेपर दे, पण त्यानंतर निकालापर्यंत घरी बसायचं नाही. कुणाच्याही हाताखाली खरं काम करायचं. ओळखीच्या एका कुटुंबाचा भोगव्याला होमस्टे आहे, मे महिन्यात मुंबईकरांनी भरून जातो. तिथे तिला ठेवलं. भावजय पहिल्या रविवारी डबा घेऊन बघायला गेली. पोरगी अंगणात चादरी वाळत घालत होती, तोंड रापलेलं. भावजय काही बोलली नाही, पण संध्याकाळी मला फोन करून विचारलं, 'वन्सं, कॉलेजात हेच शिकवतात का?' मी म्हटलं, 'हेच, आणि या चादरी किती घ्यायच्या तेही शिकवतात.'

त्या कामाने जे केलं ते कुठल्याही समुपदेशकाने केलं नसतं. भाची गेली होती शेफ व्हायच्या स्वप्नाने. पंधरवड्यात तिला कळलं की चुलीपाशी, गॅसपाशी दिवसभर उभं राहणं तिला झेपत नाही, तिथे तिची चिडचिड होते. उलट दुपारी बारा वाजता तीन खोल्या रिकाम्या होणार, दोन वाजता तीन कुटुंबं येणार, आणि मधल्या वेळात पाण्याचा टँकर, धुतलेल्या चादरी, रात्रीच्या माशांचा अंदाज, सगळं जुळवायचं, याची तिला चटक लागली. तिने एक वही केली. कुठल्या खोलीत कोण आलं, किती दिवस राहिलं, काय मागितलं, कशावरून नाराज झालं. ती वही तिने मला दाखवली. खोल्या आणि त्यांतल्या पाहुण्यांच्या कामाला आमच्या धंद्यात रूम डिव्हिजन म्हणतात, त्याचं ते पहिलं पान होतं, आणि ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पेस्ट्रीचा महागडा कोर्स बघून ठेवला होता तो तिने आपण होऊन यादीतून काढला.

मग राहिला संस्थांचा क्रम. माझ्या मनात दादर पहिलं होतं. तिथली मुंबई, आजूबाजूची मोठी हॉटेलं, कॅम्पसला येणारे समूह, माझ्या आठवणी, सगळंच. तिने पर्वरी पहिली लिहिली. मी कारण विचारलं तर तिने बोटावर मोजून दाखवलं. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला, पण इतकी वर्षं माणूस यायचा कसा? 2021 ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, 2023 ला पलीकडे गोव्यात मोपाचा. 'आत्या, खोल्या आता उभ्या राहणार आहेत, इथे, किनाऱ्याला. त्या चालवायला माणूस मुंबईहून का आणायचा? पर्वरीला शिकले तर आयटी गोव्याच्या रिसॉर्टात होईल. पावसाळ्यात हॉटेल रिकामं पडलं की माणसं कशी ठेवायची, खर्च कसा आवरायचा, ते मला तिथे बघायला मिळेल. मुंबईच्या हॉटेलात पावसाळा असा लागतच नाही. तूच म्हणतेस ना, सातव्या वर्षी कुठे असायचं ते बघ. मला कुडाळपासून तासाभराच्या आत असायचं आहे.'

मला उत्तर नव्हतं. पावसाळ्यातल्या रिकाम्या हॉटेलचा विचार मी तिच्यासाठी केलाच नव्हता.

पसंतीक्रमात आता पर्वरी पहिली आणि दादर दुसरं आहे. भावाने राज्याच्या सीईटीचा अर्जही भरून ठेवला आहे, कारण पुण्याची चार वर्षांची पदवी त्याला जास्त भक्कम वाटते. ती म्हणते, तीन वर्षांत बाहेर पडून चौथं वर्ष कामावर काढीन. बापलेकीचा हा वाद जागावाटपाच्या फेरीपर्यंत चालेल असं दिसतं. भावजय त्यात पडत नाही. तिने परवा मला पर्वरीच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करायला सांगितली आहे, जेवण कसं आहे आणि रात्री गेट किती वाजता लागतं, एवढंच.